गॅलरीतला किल्ला: घरातल्याच सामानात, आणि खालच्या काकूंची बोलणी न खाता

आमचा दिवाळीचा पहिला किल्ला पाडव्याच्या दुपारी खचला. मी मातीची तीन पोती विकत आणली होती, तिसऱ्या मजल्यावर चढवली होती आणि गॅलरीत थेट फरशीवर ढीग घातला होता. हिरवळीसाठी त्यावर पेरलेल्या हळिवावर दिवसातून तीन वेळा पाणी मारत होते. त्यातलं लाल पाणी गॅलरीच्या नळीतून खाली गेलं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर उतरलं. काकू वर आल्या. त्या काय म्हणाल्या ते इथे लिहीत नाही.

पण त्या किल्ल्यात याहून मोठी चूक वेगळीच होती. तो किल्ला माझा होता. थोरली माती आणून देत होती, धाकटा मांडी घालून बघत होता आणि बुरूज मी घडवत होते. दिवाळीनंतर मुलांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

त्याला आता पाच दिवाळ्या झाल्या. दर वर्षी काहीतरी चुकत गेलं आणि त्यातून ही पद्धत बसत गेली. ज्यांना अंगण आहे, जे वाड्यात किंवा चाळीत किल्ले करत मोठे झाले, त्यांना हे वाचायची गरज नाही. हे आहे फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी, आणि ज्यांच्या माहेरी-सासरी किल्ल्याची पद्धतच नव्हती पण पोरं शाळेतून "आपण पण करूया ना" म्हणत घरी येतात, त्यांच्यासाठी.

काय काय लागतं

बाजारात जायच्या आधी घर धुंडाळा. आमच्याकडे हे सगळं घरातच निघतं:

- पाव्हणे येतील म्हणून माळ्यावर ठेवलेली मोठी परात, जुना ट्रे किंवा तुटक्या कपाटाचा ड्रॉवर
- जुना रेनकोट, रेक्झिनचा टेबलक्लॉथ किंवा तांदळाचं प्लास्टिकचं पोतं (खाली अंथरायला)
- पुठ्ठ्याची खोकी, रिकामे डबे, नारळाच्या करवंट्या, रद्दी
- एक जुनी सुती साडी किंवा चादर, नाहीतर गोणपाट
- अर्धी बादली माती. पावसाळ्यात मेलेल्या झाडांच्या कुंड्या असतातच
- नारळाच्या शेंड्या
- हळीव किंवा मोहरी, दोन-तीन चमचे
- मैदा आणि बारीक मीठ
- हिराच्या झाडूच्या काड्या, काड्यापेटीच्या काड्या, सुतळी
- लग्नपत्रिका. जाड, गुळगुळीत, सोनेरी कडांच्या. यांच्यापेक्षा चांगला पुठ्ठा मला अजून कुठल्या दुकानात मिळालेला नाही
- वाळवलेला चहाचा चोथा, पांढरी रांगोळी, थोडा गेरू

फेविकॉल लागतो, पण थेंबभर. कात्री मोठ्यांच्या हातात.

1. आधी किल्ला ठरवा, मग मातीत हात घाला

"एक किल्ला" करायला बसलं की ढिगावर चार बुरूज होतात आणि मुलं अर्ध्या तासात कंटाळतात. "राजगड" करायला बसलं की भांडणं सुरू होतात: सुवेळा माची (माची म्हणजे बालेकिल्ल्याखालची पसरलेली सपाट जागा) इकडे की तिकडे? ही भांडणं हवीतच.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे अकरा आपल्याकडचे आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. आम्ही या बारा नावांच्या चिठ्ठ्या करतो आणि धाकटा एक उचलतो. गेल्या खेपेला खांदेरी निघाला. "आई, यात डोंगरच नाही!" म्हणून त्याने तोंड पाडलं. मग अलिबागजवळ थळच्या समोर समुद्रात असलेल्या त्या बेटाचे फोटो बघितले आणि त्याला कळलं की होड्या करायला मिळणार. गाडी रुळावर आली.

पहिलंच वर्ष असेल तर माझं ऐका आणि चिठ्ठ्या बाजूला ठेवून या तिघांतला एक घ्या:

सिंधुदुर्ग सगळ्यात सोपा. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर 1664 साली याचं बांधकाम सुरू झालं. डोंगर नाही, फक्त नागमोडी तट. खाली निळा रेनकोट अंथरला की समुद्र तयार. माती सगळ्यात कमी लागते.

लोहगड मधला. एक डोंगर आणि त्यातून बाहेर निघालेली लांब, चिंचोळी सोंड: विंचूकाटा. ही सोंड काढली की बघणारा लांबूनच ओळखतो.

राजगडाला जागा लागते. मध्ये उंच बालेकिल्ला आणि त्याच्या तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या. वरून पाहिलं तर तीन पात्यांच्या पंख्यासारखा.

रद्दीवर खडूने नकाशा काढा. तो मुलांनी काढायचा. वाकडा आला तर किल्ला वाकडा होईल, होऊ द्या.

2. मावळे पहिल्याच दिवशी

सगळेजण मावळे शेवटी करतात आणि मग ओले, लिबलिबीत मावळे अभ्यंगस्नानाच्या सकाळी किल्ल्यावर आडवे पडलेले असतात. त्यांना वाळायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून सुरुवात इथून.

दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ. पाणी थोडं थोडं करत पाऊण वाटीपर्यंत. पुरीच्या कणकेइतकं घट्ट मळा. मावळ्याचं अंग मुलाच्या बोटाएवढंच जाड ठेवा, त्याहून जाड झालं तर आतून ओलं राहतं आणि तडकतं. पायात काडीचा तुकडा खुपसून ठेवा; नंतर तो मातीत रोवता येतो आणि मावळ्याचे पाय ओल्या मातीला टेकत नाहीत. टेकले की मीठ ओल धरतं आणि मावळा खालून विरघळायला लागतो. मुंबईत, कोकणात दमट हवेमुळे हे आणखी लवकर होतं, तिकडे वाळल्यावर रंगाचा जाड हात द्या.

घरात कुत्रा असेल तर ही कणीक त्याच्या तोंडाला लागणार नाही अशी उंच ठेवा. इतकं मीठ पोटात गेलं तर त्याच्या जिवावर बेततं.

माप आत्ताच ठरवा: मावळा चार बोटं, दरवाजा आठ बोटं. आमच्या दुसऱ्या किल्ल्यात मावळे महादरवाज्यापेक्षा उंच होते आणि एक वासुदेव तर बुरुजाएवढा होता. मोहरीच्या शेतात उभं केलेलं बुजगावणं वाटत होतं.

महाराज मात्र आम्ही कणकेचे करत नाही. नाक वाकडं आलं की थोरली रडते. सासूबाईंनी स्टीलच्या डब्यात कापसात गुंडाळून ठेवलेली मातीची जुनी मूर्ती आहे, एक हात चिकटवलेला. तीच दर वर्षी सिंहासनावर बसते. तुमच्याकडे नसेल तर ही एक गोष्ट कुंभाराकडून आणा. तिथे गेलं की मुलं भाजीवाली, वाघ, सैनिक सगळंच मागतील. एकच आणायचं हे घरूनच ठरवून निघा.

3. जागा आणि पाया

पाण्याने भिजलेली एक बादली माती पंचवीस किलोच्या आसपास भरते. गॅलरीच्या कडेला, कठड्याला टेकून किल्ला कधीच करू नका. एक तर वजन, आणि दुसरं म्हणजे त्यावर चढून मुलं कठड्यावरून वाकतात. घराच्या भिंतीला लागून करा.

आधी पोतं किंवा रेक्झिन, त्याच्या चारही कडा चार बोटं वर वळवलेल्या, त्यावर परात किंवा ट्रे. दोन फूट बाय दीड फूट पुरे. याच्यापेक्षा मोठा किल्ला मुलांच्या हाताला मधोमध पोचत नाही आणि मग आपण मध्ये पडतो. गॅलरीतल्या नळीच्या तोंडाशी जुन्या फडक्याचा बोळा घाला. चादरींचं प्रकरण आठवा.

4. डोंगर आतून पोकळ

तीन पोती माती लागायचं कारण एवढंच की मी डोंगर भरीव केला होता. डोंगर खोक्यांचा असतो, माती फक्त त्याची कातडी.

सगळ्यात खाली मोठं खोकं पालथं. वर लहान. बालेकिल्ल्यासाठी बिस्किटांचा पत्र्याचा डबा पालथा घाला, तो दबत नाही आणि महाराजांचं वजन पेलतो. कडेला करवंट्या पालथ्या ठेवल्या की टेकड्या होतात. मधल्या फटींत रद्दीचे घट्ट बोळे. सगळं सुतळीने गच्च आवळा. हे काम लहानग्याचं. बोळे करण्यात पाच वर्षांच्या मुलाला जितका आनंद होतो तितका दुसऱ्या कशात होत नाही, फक्त आजचा पेपर आधी बाजूला काढून ठेवा, आजोबांचं शब्दकोडं बाकी असतं.

हाताने दाबून बघा. हललं तर आणखी बोळे. खोकी ओली होऊन बसू नयेत म्हणून त्यांच्यावर प्लास्टिकची एक पिशवी फाडून पसरा. ही पायरी मी एका वर्षी गाळली आणि तिसऱ्या दिवशी संजीवनी माची खाली बसली.

5. साडी चिखलात

माती जुन्या चाळणीने चाळून घ्या, खडे फेकू नका, पुढे लागतात. पाणी घालून इडलीच्या पिठाइतकी सैल करा. काळी माती असेल तर वाळताना ती आकसते आणि भेगा पडतात. नारळाच्या शेंड्या बारीक कातरून मूठभर मिसळा. मातीच्या भिंती लिंपताना भुसा घालतात तो याचसाठी. लाल मातीलाही घातलं तर चांगलंच.

एका वर्षी मला वाटलं, चिखल अजून पक्का बसावा म्हणून मैद्याची खळ घालू. दोन दिवसांत अख्ख्या रायगडावर पांढरी बुरशी आली. घालू नका.

साडीचे परातीला पुरतील एवढे तुकडे करा, चिखलात बुचकळा, थोडे पिळा आणि डोंगरावर टाका. टाकताना ताणायचं नाही. चुण्या पडल्या की त्याच घळी आणि कडे दिसतात. साडी सुतीच हवी. सिंथेटिक कापड चिखल धरत नाही, तो घरंगळून खाली येतो. वरून हाताने आणखी एक पातळ थर लिंपा. या वेळी मुलांना जुने कपडे घाला आणि दाराशी पायपुसणं आधीच ओलं करून ठेवा. मोबाईल दुसऱ्या खोलीत.

तुम्ही फक्त बादली उचला आणि खोकी धरा. लिंपणं त्यांचं. हात आवरत नसतील तर फराळाचं काहीतरी करायला घ्या. मी त्या दिवशी शंकरपाळ्या करते.

6. तट, बुरूज, दरवाजा

चिखल जरासा आवळला, म्हणजे बोट लावलं की ठसा उमटतो पण बोट बरबटत नाही, अशा वेळी हे करायचं. साधारण चार-पाच तासांनी.

बुरूज: घट्ट मळलेली माती छोट्या स्टीलच्या पेल्यात ठासून भरा आणि उपडी करा. पेला आतून ओला करून कोरडी माती भुरभुरली असेल तर सुटून येतो. तट: लग्नपत्रिकेच्या दोन बोटं रुंद पट्ट्या मातीत रोवून दोन्ही बाजूंनी माती थापा. वरच्या कडेला काडीने दाबून चर्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे दाते, करा. तटाला काड्यापेटीच्या काडीने भोकं पाडा, त्या जंग्या. त्या खाली उतरत्या पाडायला सांगा. थोरलीने विचारलं होतं, का? तिलाच म्हटलं, तू आत आहेस, शत्रू खाली आहे, बंदूक कुठे रोखशील? त्यानंतर तिने अख्ख्या तटाला सत्तर भोकं पाडली.

दरवाजा हा या सगळ्यातला सगळ्यात मजेचा भाग, आणि इथे बहुतेक किल्ले चुकतात. समोर, मधोमध, फाटकासारखा दरवाजा करू नका. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आडोशाला आहे. सिंधुदुर्गाचाही समुद्रातून पाहिलं तर सापडत नाही. वाट वळून यावी लागते आणि वळणावर वरून मारा होतो. दोन पेले शेजारी-शेजारी थोडे पुढे-मागे ठेवा, मधून एक वळण काढा आणि आतल्या बाजूला पत्रिकेची कमान लावा. मग घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मुलं विचारतात, "दरवाजा शोधून दाखवा."

7. हळीव

हिशोब असा: नरकचतुर्दशीच्या सहा दिवस आधी डोंगर, पाच दिवस आधी हळीव. हळिवाला दोन दिवसांत कोंब येतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवं दिसायला लागतं. मोहरीला एखादा दिवस जास्त. फार लवकर पेरलं तर लक्ष्मीपूजनापर्यंत गवत मावळ्यांच्या डोक्यावरून जातं आणि आडवं पडतं.

त्याआधी डब्यातले दहा दाणे ओल्या रुमालात दोन दिवस ठेवून बघा. आठ उगवले तर ठीक. आमच्या डब्यातले एकदा तीनच उगवले. ते थोरलीच्या वेळी लाडवांसाठी आणलेले होते, म्हणजे सात वर्षांपूर्वीचे.

हळीव अर्धा तास पाण्यात भिजवा. त्याच्याभोवती बुळबुळीत थर येतो आणि म्हणूनच ते उभ्या कड्यालाही चिकटून राहतं. मोहरी घरंगळते, ती सपाटीवर टाका. बोटांनी पातळ पसरा. ढीग झाला तर खालचे दाणे कुजतात आणि वास येतो. तट, वाटा आणि दरवाज्याची जागा मोकळी ठेवा.

पाणी तांब्याने घालायचं नाही. झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीने किंवा इस्त्रीच्या स्प्रेने, सकाळ-संध्याकाळ, माती फक्त ओलसर होईल इतकंच. पहिले दोन दिवस वरून ओलं फडकं झाका. थंडीच्या देशात राहणाऱ्यांनी किल्ला घरात, खिडकीशी ठेवावा आणि दोन-तीन दिवस जास्त धरावेत.

8. वाटा, टाकी, झेंडा

वाटांना वाळलेला चहाचा चोथा. पायऱ्यांना गेरू. रांगोळी मात्र शेवटच्या दिवशी, माती वरून सुकल्यावर. ओल्या मातीवर टाकली की तासाभरात दिसेनाशी होते. चाळणीतले खडे दरवाज्याजवळ आणि पायथ्याला. तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या रोवल्या की झाडं होतात.

टाक्यासाठी डब्याचं झाकण किंवा वाटी मातीत बसवा. पाणी रोज बदला. पावसाळा नुकताच संपलेला असतो आणि डेंग्यूचे डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतात. जमत नसेल तर पाण्याऐवजी जुना आरसा ठेवा, तोही छान दिसतो.

झेंडा भगव्या कापडाचा, शेवटाला दोन टोकं काढलेला, झाडूच्या काडीवर. तो कोण लावणार यावरून आमच्याकडे दर वर्षी मारामारी होते. आता एक झेंडा बालेकिल्ल्यावर आणि एक माचीवर असतो.

9. दिवे आणि फटाके

आतमध्ये पुठ्ठा, रद्दी आणि कापड आहे हे विसरू नका. पणत्या किल्ल्यावर ठेवायच्या नाहीत, समोर हातभर अंतरावर फरशीवर. विजेची माळ मातीत पुरायची नाही, मागच्या भिंतीवर टांगा.

भाऊबीजेला लवंगी लावून किल्ला उडवायची जुनी हौस पुष्कळांना असते, आमच्या ह्यांनाही. गॅलरीत मुळीच नाही. मी एकदा पाण्याची बादली हातात घेऊन उभी राहिले आणि त्यानंतर तो विषय निघालेला नाही.

10. उतरवताना

आम्ही तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवतो. त्यानंतर एक दिवस पाणी बंद करून किल्ला पुरता वाळू द्या. वाळलेली माती ढेकळांनी सुटते, ओली नाही.

माती बाथरूममध्ये धुवू नका. मी धुतली. नळी तुंबली, प्लंबर आला आणि त्या पैशांत कुंभाराकडून अख्खा मातीचा दरबार आला असता. साडीचे तुकडे बादलीत बुडवून रात्रभर ठेवा. सकाळी वरचं पाणी झाडांना, तळाचा गाळ कुंडीत. वॉशिंग मशीनमध्ये तर ते तुकडे नेऊच नका.

ढेकळं हळिवाच्या मुळांसकट कुंड्यांत फोडून टाका. मावळे कोरड्या डब्यात, मुठभर तांदूळ घालून, म्हणजे ओल धरत नाहीत. डब्यावर वर्ष आणि किल्ल्याचं नाव लिहा. काकूंना फराळाचं ताट आधीच पोचवलेलं असावं. गेल्या वर्षी त्या स्वतः वर आल्या, नातवाला घेऊन, आणि त्याला दरवाजा सापडेना.